काठीपासून उपग्रहापर्यंत : शेतजमिनीच्या मोजणीची वाटचाल

मोजणीची नोटीस आली की गावात एक निराळेच वातावरण निर्माण होते. ठरलेल्या दिवशी भूकरमापक बांधावर येतो. लगतचे खातेदार आपापले सातबाराचे उतारे पिशवीतून काढतात. सरपंच, पोलीस पाटील किंवा गावातील एखादे निवृत्त गुरुजी दोन्ही पक्षांच्या मध्ये, लिंबाच्या सावलीत उभे असतात. अलीकडे भूकरमापकाच्या हाती साखळी नसते. माथ्यावर पांढरी चकती बसविलेली एक काठी असते, तिला रोव्हर म्हणतात. ती शेताच्या कोपऱ्यावर उभी केली की काही क्षणांत पडद्यावर आकडे उमटतात. आणि मग कोणीतरी विचारतेच : "यंत्र इतके बिनचूक आहे, तर आमचे शेत कागदापेक्षा दोन गुंठे कमी कसे भरले?"

प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न निरनिराळ्या तालुक्यांत, जवळजवळ याच शब्दांत ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात यंत्राविषयी किंवा ते हाताळणाऱ्याविषयी शंका असते. वस्तुतः उत्तर यंत्रात नसून दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कागदात असते. तो कागद कसा तयार झाला, कोणत्या साधनांनी झाला आणि आजही त्याचे महत्त्व का टिकून आहे, हे समजून घेतल्यास बांधावरील पुष्कळसे गैरसमज दूर होण्यासारखे आहेत.

दोरी आणि काठी

आपल्याकडे जमीन मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरी. संस्कृतात तिला रज्जू म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दहा दंडांचा एक रज्जू आणि तीन रज्जूंचे एक निवर्तन असे कोष्टक आहे. अशोकाच्या लेखांत रज्जुक नावाचे अधिकारी येतात. हे नाव मोजणीच्या दोरीवरूनच आले असावे, असे अनेक विद्वान मानतात. निवर्तन हे परिमाण आपल्या प्रदेशात प्रत्यक्ष वापरात होते, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राजवटीच्या १८ व्या वर्षी तेथील भिक्षूंना २०० निवर्तनांचे एक शेत दान दिले. पुढे २४ व्या वर्षीच्या लेखात असे नमूद आहे की, पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही व ते गावही ओस पडले आहे, सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. कागदावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष शिवारातील स्थिती यांत अंतर पडते, हा अनुभव महसूल खात्याइतकाच जुना आहे, असे या लेखावरून म्हणावयास हरकत नाही.

दोरीचा मोठा दोष म्हणजे ती ओलसर झाली की आखडते आणि वाळली की सैल पडते. आखडलेल्या दोरीने मोजले तर तेच शेत अधिक भरते आणि कुणब्यावर अधिक सारा बसतो. अकबराच्या राजवटीत हा दोष ध्यानी घेऊन तागाच्या दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंचे माप प्रचारात आणण्यात आले. तांत्रिक सुधारणा म्हणून ही गोष्ट लहान, पण तिच्यामागचा विचार महत्त्वाचा. माप बदलू लागले की त्याचा लाभ माप धरणाऱ्याला होतो आणि तोटा मोजून घेणाऱ्याला.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्याकडे जमीन मोजणीचे काम होते. त्या मोजणीत काठीचे माप पाच हात पाच मुठी असे ठरले होते. हात चौदा तसूंचा, आणि हात व मूठ मिळून काठीची लांबी ८२ तसू. वीस काठी लांब व वीस काठी रुंद अशा क्षेत्राचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. कोणाच्या हाताने मोजावयाचे हा वाद उरू नये म्हणून हाताचे माप तसूंत बांधून टाकले होते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तथापि पुढील काळात प्रांतोप्रांती काठ्या वेगळ्या झाल्या, बिघे लहानमोठे झाले. इनामाची आणि मिराशीची जमीन कित्येक ठिकाणी मोजमापाने नव्हे तर नावाने व वहिवाटीने ओळखली जाई. पेशवाई संपली तेव्हा कंपनी सरकारच्या हाती आलेली गावकागदपत्रे अशी नाना मापांची होती.

इंदापूरचा धडा

इंग्रजी अमलातील पहिली मोठी मोजणी पुणे भागात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. प्रिंगल अर्थशास्त्राचा अभ्यासू होता. प्रत्येक शेतातून खर्च वजा जाता किती निव्वळ उत्पन्न निघते याचा हिशेब करावयाचा आणि त्याच्या शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावयाचा, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्न ठरविणे ही गोष्ट इतकी गुंतागुंतीची निघाली की, सगळा कारभार खालच्या मोजणीदारांच्या व प्रतबंदी कारकुनांच्या मर्जीवर गेला. लाचलुचपत बोकाळली. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली आणि ज्याने केले नाहीत त्याची बरड जमीन काळी. धान्याचे भावही त्याच सुमारास घसरले. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक राहिल्या आणि कित्येक कुळे निजामाच्या मुलखात निघून गेली.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा तरुण इंजिनिअर यांच्याकडे इंदापूरचे काम आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला. शेत किती मोठे आहे आणि जमीन कोणत्या प्रतीची आहे, एवढ्याच दोन गोष्टी काळजीपूर्वक ठरवावयाच्या आणि दर मात्र पूर्वीच्या वसुलीचा अनुभव पाहून सौम्य ठेवावयाचे, हे त्यांचे धोरण होते. १८३६ मध्ये इंदापूरला ३० वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. पुढे गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र केले. मुंबई इलाख्यात आणि नंतर वऱ्हाडात झालेल्या मोजणीचा पाया हाच होय. ३० वर्षांनी झालेल्या फेरजमाबंदीत पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत सारा बराच वाढला आणि १८७५ च्या दंग्यांच्या चौकशीत त्याचीही चर्चा झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मात्र तो वाद दराचा होता. विंगेटच्या मोजणीने शेताला क्रमांक, आकार आणि हद्द दिली. तिचे ते काम अद्याप टिकून आहे.

सर्व्हे नंबर ही कल्पना याच पद्धतीतील. एका बैलजोडीने वहिती करता येईल एवढे क्षेत्र हे त्याचे मूळ प्रमाण. म्हणून कोरडवाहू हलक्या मुलखात नंबर मोठे आणि भाताच्या प्रदेशात लहान असतात. प्रतबंदीसाठी शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली पाहिली जाई. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन म्हणजे १६ आणे, आणि खोली कमी होईल किंवा दोष आढळतील त्या मानाने आणे कमी. खडक, चुनखडी, पाणथळ, उतार अशा प्रत्येक दोषाला खूण ठरलेली होती.

तेहतीस फुटांची साखळी

आता मुख्य साधनाकडे वळू. इंग्लंडमध्ये एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फूट लांबीची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. आपल्याकडील मोजणीत हिच्या निम्म्या लांबीची म्हणजे ३३ फुटांची साखळी स्वीकारण्यात आली आणि तिचे १०० ऐवजी १६ भाग पाडून प्रत्येक भागाला आणा हे नाव दिले. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच गुंठा. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर.

या योजनेतील शहाणपण सहज ध्यानात येत नाही, म्हणून थोडे थांबून पाहू. मोजणीदाराला फुटांचे चौरस फूट आणि चौरस फुटांचे एकर करण्याची गरजच उरली नाही. पाया ८ साखळ्या आणि लंब ३ साखळ्या असा त्रिकोण असेल तर ८ गुणिले ३ भागिले २, म्हणजे १२ गुंठे. पाया १० साखळ्या ८ आणे आणि लंब ४ साखळ्या असेल तर २१ गुंठे. रुपये-आण्यांचा हिशेब ज्याला येतो त्याला शेताचे क्षेत्र काढता येते. त्या काळी गावशाळेत शिकलेल्या कारकुनाला याहून सोपे कोष्टक देणे शक्य नव्हते. शाळांतील शिक्षकांनी क्षेत्रफळाचा पाठ शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. मुलांच्या घरातील सातबाराशी त्याचा थेट संबंध आहे.

साखळीचा जोडीदार म्हणजे शंकू. काठीच्या टोकावर बसविलेल्या या लहानशा साधनाला काटकोनात छेद देणाऱ्या दोन फटी असतात. एका फटीतून साखळीची सरळ रेषा धरावयाची आणि दुसरीतून शेताचा कोपरा पाहावयाचा. कोपरा बरोबर दिसला की त्या जागेपासून लंब घ्यावयाचा. शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांमध्ये झेंडे लावून साखळीची रेषा धरायची, तिच्यापासून दोन्ही अंगांचे लंब मोजायचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडायचे. कोन मोजणारे कोणतेही महागडे यंत्र यात लागत नाही. जागेवरच काढलेली, मापे लिहिलेली आकृती म्हणजे टिपण. टिपणावरून क्षेत्राचा हिशेब करण्याची वही म्हणजे गुणाकार बुक, आणि गावातील सर्व नंबरांचे क्षेत्र व आकार दाखविणारे पत्रक म्हणजे आकारबंद. हद्दीवर दगड रोवावयाचे, बुरूज घालावयाचे आणि त्यांची निगा खातेदारांनी राखावयाची, असा दंडक होता.

साखळीलाही तिचे दोष होतेच. रोज शेतातून ओढली जाणारी लोखंडी साखळी कड्यांच्या सांध्यांत झिजते आणि लांब होते. म्हणून प्रमाणित मापाशी ती वेळोवेळी ताडून पाहण्याचा नियम असे. नियम पाळला गेला नाही तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. ३३ फुटांच्या साखळीत ४ इंचांची वाढ झाली तर लांबीत शेकडा एकाची चूक होते, पण क्षेत्रात ती शेकडा दोनची होते. खऱ्या ४० गुंठ्यांचे शेत कागदावर सुमारे ३९ गुंठे ३ आणे एवढेच भरते. याच्या उलट, चढउताराच्या जमिनीवर साखळी आडवी न धरता उताराला लागून टाकली तर क्षेत्र फुगते. डोंगरपट्ट्यातील जुन्या क्षेत्रांकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे आवश्यक वाटते. विंगेटची मोजणी आणि हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी या दोन गोष्टी अनेकदा एकच समजल्या जातात. दुसऱ्या कामाचा प्रारंभ विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ केला. सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट घेऊन तो त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेत होता. हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. पृथ्वीचा आकार आणि देशाचा नकाशा हे त्या मोजणीचे ध्येय होते, कोणाचा बांध कोठे हे नव्हे. शेताच्या मोजणीचे बिंदू आणि त्रिकोणमितीय बिंदू यांची सांगड तेव्हा बहुतेक ठिकाणी घातली गेली नाही. गावचे टिपण गावापुरतेच राहिले. ही उणीव पुढे दीडशे वर्षे जाणवत राहिली.

फलकापासून उपग्रहापर्यंत

वारसांमध्ये वाटण्या होऊ लागल्या तसे सर्व्हे नंबरांचे पोटहिस्से पडले. शहरांत घरांची दाटी वाढली. साखळी आणि शंकू या कामाला अपुरे पडू लागल्याने प्लेन टेबल वापरात आला. तिवईवरील या फळीवर कागद ताणून बसवितात आणि अलिडेड नावाच्या पट्टीतून दूरच्या खुणा पाहून नकाशा जागेवरच प्रमाणात काढतात. समोरचे शेत आणि हातातील नकाशा लगेच ताडून पाहता येतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. कागद उन्हात ताणतो आणि पावसाळी हवेत फुगतो, हा दोष. पेन्सिलीच्या रेघेची जाडीसुद्धा जमिनीवर काही इंचांची होते.

१९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यान्वये झालेल्या एकत्रीकरणात अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विखुरलेले तुकडे एकत्र यावेत हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु कित्येक गावांत अदलाबदल कागदावर झाली आणि वहिवाट जुन्याच जागी राहिली. आजच्या तंट्यांपैकी बऱ्याच तंट्यांचे मूळ येथे सापडते. त्यानंतर दशमान पद्धती आली आणि सातबारावर एकर-गुंठ्यांऐवजी हेक्टर-आर झाले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे आहेत की, गावात आरालाही सर्रास गुंठाच म्हणतात. एका एकराचे ४० गुंठे होतात, पण आर ४०.४७ होतात. "आमचे अर्धा गुंठा वाढले" किंवा "घटले" अशा कित्येक तक्रारींचे निराकरण या एका गुणाकाराने होते.

गेल्या पंचवीस वर्षांत साधने झपाट्याने बदलली. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन हे यंत्र प्रकाशाचा किरण दूरच्या परावर्तकावर टाकून अंतर व कोन दोन्ही एकाच वेळी नोंदविते. रोव्हर उपग्रहांचे संकेत घेतो. त्या संकेतांतील चूक दुरुस्त करण्यासाठी ठिकठिकाणी कायमस्वरूपी संदर्भ केंद्रे उभारलेली असून त्यांच्या साहाय्याने मोकळ्या रानात काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. दाट झाडीत आणि खोल दरीत मात्र संकेत अडतात, तेथे टोटल स्टेशनचाच आधार घ्यावा लागतो.

ड्रोनचा उपयोग मुख्यतः गावठाणांसाठी झाला आहे. विंगेटची मोजणी साऱ्यासाठी होती. घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाण हा नकाशावर केवळ एक कोरा ठिपका राहिला. पुढे २,००० हून अधिक लोकवस्तीच्या गावांच्या गावठाणांची मोजणी करण्याची तरतूद झाली. लहान गावे तशीच राहिली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडण्यापूर्वी ग्रामपंचायत व भूमि अभिलेख खात्याचे कर्मचारी घरमालकांच्या समक्ष चुन्याने हद्दी आखतात. ड्रोन फक्त चुन्याची रेघ टिपतो. रेघ कोणी व कोठे मारावी, हे गल्लीतच ठरलेले असते.

टिपण आणि दगड

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हद्द कायम करण्याच्या मोजणीत रोव्हर नवी हद्द ठरवीत नाही. तो जुन्या टिपणातील हद्द आजच्या जमिनीवर उतरवितो. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. टिपणात माप जवळच्या आण्यापर्यंत घेतले असेल, तर प्रत्येक लंबात सुमारे एक फुटाची तफावत मूळ कागदातच असू शकते. ३३० फूट लांबीच्या बांधावर एक फूट म्हणजे ३३० चौरस फूट, जवळजवळ ५ आणे क्षेत्र. यंत्र सेंटिमीटर सांगते म्हणून टिपण सेंटिमीटरचे होत नाही. त्यात साखळीची झीज आणि दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे कोरला गेलेला बांध मिळवा. दोन गुंठ्यांचा फरक पडणे यात आश्चर्य नाही. तो फरक कोणाच्या बाजूचा, हे मात्र टिपण आणि जागेवरील जुन्या खुणा यांच्या मेळाशिवाय सांगता येत नाही.

म्हणून जुन्या खुणांना एवढे मोल आहे. जेथे तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड किंवा नंबराच्या कोपऱ्यावरील मूळचा दगड जागेवर असेल, तर भूकरमापकाला सुरुवातीचा विश्वसनीय बिंदू मिळतो. असे दगड नांगरटीत निघतात, विहिरीच्या किंवा गोठ्याच्या बांधकामात जातात, रस्ता रुंद करताना मुरुमाखाली गाडले जातात. रस्त्याचे किंवा नालाबंडिंगचे काम हाती घेताना ग्रामपंचायतीने अगोदर त्या पट्ट्यातील हद्दीच्या खुणा पाहून घेतल्या, तर पुढील दहा वर्षांचे वाद वाचतील. जुन्या टिपणांची अवस्थाही नाजूक आहे. कागद ठिसूळ झालेला, घड्यांवर फाटलेला, आणि बराचसा मजकूर मोडीतला. स्कॅनिंगमुळे कागदाचा ऱ्हास थांबला, पण मोडी वाचणारा माणूस स्कॅनिंगने मिळत नाही. इतिहासाची आवड असलेल्या शिक्षकांनी मोडीचा अभ्यास केला तर त्याचा उपयोग केवळ बखरी वाचण्यापुरता राहणार नाही.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांनी उपस्थित राहणे हिताचे असते. जो येत नाही तोच नंतर हरकत घेतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. भूकरमापकाने दाखविलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवून घ्यावेत आणि मोजणी नकाशाची क-प्रत घरातील कागदपत्रांत जपून ठेवावी. निकाल मान्य नसेल तर बांधावर हातघाईवर येण्याची गरज नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते आणि तीही अमान्य असल्यास जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना मोजणीसाठी अर्ज करता येतो. दोन्ही वेळी टेबलावर प्रथम उघडले जाते ते मूळ टिपणच.